चार ओळींसाठी सगळं ॲप?

पुस्तकाला जोडलेलं शुद्धिपत्र कधी पाहिलंय? ‘पान ४२, ओळ ७ : “नदी”ऐवजी “नाला” वाचावे.’ बस, एवढंच! एका चुकीसाठी चारशे पानांचं पुस्तक कुणी पुन्हा छापत नाही.

आता घरातला मोबाइल घ्या. मोबाइल एक, दिवसाचा डेटा ठरलेला, त्यातच ताईचा अभ्यास. आणि एखादं ॲप म्हणतं, ‘मला अपडेट करा!’ ॲप शंभर एमबीचं, बदल मात्र चार ओळींचा. मग सगळं पुन्हा का उतरवायचं? शुद्धिपत्र नाही का चालणार?

चालतं की! १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ‘डिफ’ नावाचा प्रोग्रॅम तयार झाला. तो जुनी आणि नवी फाइल ताडून पाहतो आणि बदललेल्या ओळी तेवढ्या लिहून काढतो. १९८५ साली लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ लिहिला. पॅच म्हणजे ठिगळ. जुन्या फाइलला ते लावलं, की नवी तयार!

पण ही सोय वाचता येणाऱ्या मजकुरासाठी. तयार प्रोग्रॅम म्हणजे नुसते आकडे. त्यात ‘आता अमुक क्रमांकाच्या जागी जा’ अशा हजारो सूचना असतात. सुरुवातीला चार आकडे वाढले, की पुढचं सगळं सरकतं आणि त्या सूचनाही बदलतात. गंमत कळायला बुलढाण्याच्या एसटी स्टँडवर चला.

समजा, लोणारची गाडी ८ वाजता सुटते. चिखली ८:४०, मेहकर ९:५०, सुलतानपूर १०:१०, लोणार १०:३०. आज ती दहा मिनिटं उशिरा सुटली. झालं! प्रत्येक वेळ चुकली. शुद्धिपत्र लिहायला बसलात तर ते वेळापत्रकाएवढंच होईल. पण नव्या वेळेतून जुनी वजा करा. उत्तर काय? १०, १०, १०, १०, १०. मग ‘सगळीकडे १० मिळवा’ एवढी चिठ्ठी पुरे!

कॉलिन पर्सिव्हल यांनी २००३ साली ‘बीएसडिफ’मध्ये हीच वजाबाकी वापरली. बहुतेक उत्तरं शून्य येतात, उरलेली पुन्हा पुन्हा तीच. त्यामुळे सगळं दाबून इवलंसं करता येतं. २०१६ साली गूगलच्या प्ले स्टोअरनंही ॲपसाठी बीएसडिफ वापरायला घेतलं.

त्याआधी २००९ साली गूगलनं क्रोमसाठी आणखी शक्कल लढवली होती. वेळापत्रकात घड्याळाच्या वेळेऐवजी ‘सुटल्यावर ४० मिनिटांनी’ असं लिहिलं, तर उशीर झाला तरी सुटण्याची वेळ तेवढी बदलावी लागेल ना? साधारण तसंच. क्रोमची एक नवी आवृत्ती पूर्ण उतरवायची तर १,०३,८५,९२० बाइट. बीएसडिफनं ७,०४,५१२. नव्या युक्तीनं फक्त ७८,८४८!

पण चिठ्ठी लागू पडायला जुनी प्रत अगदी तीच हवी. दुसऱ्याच आवृत्तीला लावली तर ‘पान ४२, ओळ ७’वर भलतंच वाक्य सापडायचं! म्हणून संगणक आधी आणि नंतरही फाइलची ओळख पटवून घेतो. आणि मेहकरच्या मुलाकडे जानेवारीची प्रत, देऊळगाव राजाच्या मुलीकडे मार्चची. म्हणजे दोघांना वेगळ्या चिठ्ठ्या. त्या कुणीतरी बनवून, सांभाळून ठेवायच्या. शिवाय नवी फाइल जुळवताना आपल्या यंत्रालाही खपावं लागतं. फेडोरा या संगणक प्रणालीनं २००९ साली अशी सोय दिली होती, पण २०२४ साली ती बंद केली.

पुढच्या वेळी तुमची गाडी उशिरा आली ना, तर थांब्यावर बसून वजाबाकी करून पाहा. मध्येच टायर पंक्चर झालं, तर चिठ्ठीत काय लिहाल?