जखम भरते कशी? आणि भरायची का थांबते?



खेळाच्या तासाला कुणाचा तरी गुडघा फुटतोच. चार दिवसांनी तेच पोर खपली काढत विचारतं, "बाई, नवीन कातडी कोण तयार करतं?" चला, आज तेच बघू.

जखम झाली की रक्तपट्टिका रक्त गोठवतात आणि काही प्रथिनं सोडतात. त्यांना वृद्धी घटक म्हणतात. पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही असतात. कुलपात किल्ली बसावी तसा वृद्धी घटक ग्राहीत बसतो आणि निरोप आत केंद्रकापर्यंत जातो : "विभाजन कर!" नवीन पेशी, नवीन रक्तवाहिन्या तयार होतात. जखम बुजली की निरोप कमी होतात आणि काम थांबतं. हे थांबणं फार महत्त्वाचं, बरं का!

असाच एक वृद्धी घटक शोधणाऱ्या स्टॅन्ली कोहेन यांना 1986 मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी मांडलं, की कर्करोगाची गाठ न भरणाऱ्या जखमेसारखी वागते. निरोप तेच असतात. पण जनुकं बिघडल्यामुळे किल्लीशिवायच कुलूप उघडं राहतं. मग पेशी वाढतच जातात.

प्रत्येक जखमेचा कर्करोग होत नाही, घाबरू नका. पण एकच जागा वर्षानुवर्षं दुखावत राहिली, तर पेशी सतत विभाजित होतात आणि चुका व्हायची शक्यता वाढते. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 मध्ये सहकाऱ्यासोबत कमरेच्या कातडीचा असा कर्करोग नोंदवला. कारण होतं घट्ट बांधलेलं धोतर! पुढे साडी नेसणाऱ्या बायकांमध्येही तो आढळला.

आपल्या सातारा-सांगलीकडे परकराची नाडी करकचून बांधायची सवय आहे आणि मिश्री लावायचीही. मिश्रीतल्या तंबाखूत तर कर्करोग घडवणारी रसायनंच असतात.

म्हणून आज घरी आई-आजीला विचारा : कमरेला काळा, खरखरीत वळ आहे का? तोंडात चट्टा आहे का? नाडी रुंद पट्टीची वापरा, सैल बांधा. मिश्री सोडायला मदत करा. सांगलीची हळद कितीही नामी असली, तरी तीन आठवड्यांत न भरलेल्या जखमेवर ती दाबत बसू नका. दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवा. लवकर कळलं तर उपचार सोपे होतात.