मानवी हक्क कायदा (पदव्युत्तर अभ्यास)

मानवी हक्क कायदा हा विधी शाखेत पदव्युत्तर (एलएल.एम.) पातळीवर शिकवला जाणारा एक विशेष विषय आहे. आंतरराष्ट्रीय करार, राज्यघटनेतील मूलभूत हक्क आणि हक्कभंगानंतर मागता येणारी दाद यांचा परस्परसंबंध त्यात अभ्यासला जातो. पहिल्या दोहोंची तोंडओळख पदवीच्या वर्गातच झालेली असते; पदव्युत्तर अभ्यासाचा खरा भर कागदावरचा हक्क न्यायालयात कसा टिकतो, या प्रश्नावर असतो.

करार आणि देशांतर्गत कायदा

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमात केवळ पुरुषांचा बोध होऊ शकणारी शब्दरचना बदलून ‘सर्व मानव’ अशी रचना आणण्याचे श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांना दिले जाते. जाहीरनामा हा करार नव्हे. बंधनकारक तरतुदी १९६६ साली दोन स्वतंत्र करारांत आल्या: एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. भारत १९७९ साली दोन्हींचा पक्षकार झाला.

तथापि भारतात करार स्वीकारल्याने तो आपोआप देशाचा कायदा होत नाही. त्यासाठी संसदेला अनुच्छेद २५३ अन्वये कायदा करता येतो. तसा कायदा नसताना न्यायालये कराराचा आधार अर्थनिर्णयापुरता घेतात. जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात (१९८०) प्रामाणिक पण कर्ज फेडण्यास असमर्थ असलेल्या ऋणकोला तुरुंगात धाडता येणार नाही, असा अर्थ याच मार्गाने लावला गेला.

या विषयातील सर्वांत उद्बोधक उदाहरण नुकसानभरपाईचे आहे. नागरी हक्कांच्या कराराचे कलम ९(५) बेकायदा अटक वा स्थानबद्धता झालेल्या व्यक्तीला भरपाईचा हक्क देते. भारताने करार स्वीकारतानाच, आपल्या विधिव्यवस्थेत राज्याविरुद्ध असा हक्क नाही, अशी घोषणा जोडली होती. पुढे नीलाबती बेहेरा खटल्यात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने पोलीस कोठडीतील मृत्यूबद्दल मृताच्या आईला दीड लाख रुपये भरपाई मंजूर केली. आईने न्यायालयाला पाठवलेले पत्रच याचिका मानले गेले होते. डी. के. बसू खटल्यात (१९९६) त्या घोषणेला आता अर्थ उरला नसल्याचे न्यायालयाने नमूद केले. सरकारने करारात नाकारलेला हक्क अशा रीतीने न्यायनिर्णयांतून आला. भारताने १९९७ साली छळविरोधी करारावर सही केली, परंतु त्याला अनुसमर्थन दिलेले नाही.

१९९३ चा अधिनियम

मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ हा अभ्यासाचा दुसरा गाभा होय. त्यातील व्याख्येनुसार राज्यघटनेने हमी दिलेले किंवा आंतरराष्ट्रीय करारांत अंतर्भूत असलेले आणि भारतातील न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणारे हक्क म्हणजे मानवी हक्क. शेवटच्या अटीमुळे व्याख्या बरीच आकुंचन पावते. राष्ट्रीय आयोग चौकशीअंती शिफारस करतो, आदेश देत नाही. आणि घटनेला एक वर्ष उलटल्यावर तो चौकशी करू शकत नाही. कलम ३० अन्वये सत्र न्यायालयांना मानवी हक्क न्यायालये म्हणून विनिर्दिष्ट करता येते, मात्र तेथे नेमके कोणते गुन्हे चालवावेत हे अधिनियम सांगत नाही. लघुप्रबंधासाठी ही उणीव सुपीक विषय ठरते.

प्रवेश व पदवीचा उपयोग

एलएल.एम.साठी कायद्याची पदवी आवश्यक असते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत ‘क्लॅट’ परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. कोणत्याही शाखेच्या पदवीधरांना घेणारे मानवी हक्कांचे एम.ए. अभ्यासक्रम वेगळे असून त्यांवर वकिलीची सनद मिळत नाही. एलएल.एम.मुळेही सनदेत भर पडत नाही. तिचा उपयोग मुख्यतः अध्यापन, संशोधन, आयोगांचे काम आणि स्वयंसेवी संस्था यांत होतो. अध्यापनासाठीच्या ‘नेट’ परीक्षेत ‘मानवी हक्क व कर्तव्ये’ हा स्वतंत्र विषय आहे. परदेशी विद्यापीठांत शिकू इच्छिणाऱ्या अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजना आहे.