तीन रंगांच्या गटाची छाननी

क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या प्रबल बलाची गेज-सममिती एसयू(३) या गटाची आहे, हे विधान पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेले असते. परंतु कोरा कागद पुढे ओढून, त्या जागेसाठी उमेदवार ठरू शकणाऱ्या प्रत्येक गटाची छाननी स्वहस्ते करावयास मी जेव्हा जेव्हा बसतो, तेव्हा निसर्गाने येथे दुसरा पर्यायच शिल्लक ठेवलेला नाही, ही जाणीव अधिक दृढ होते.

कामाचा आरंभ तीन या आकड्यापासून होतो. डेल्टा कणाच्या दुहेरी धनभारित रूपात तीन अप-क्वार्क एकाच दिशेने परिवलन करीत एकाच अवस्थेत नांदतात. पाउलीच्या नियमाला हे मंजूर नाही, म्हणून ग्रीनबर्ग यांनी १९६४ मध्ये आणि हान व नाम्बू यांनी १९६५ मध्ये क्वार्काला एक तिपेडी गुण बहाल केला, तोच पुढे ‘रंग’ म्हणून रूढ झाला.

आता तीन रंगांवर अविभाज्यपणे क्रिया करणारे, आणि स्वतःचेही आणखी तुकडे न पडणारे असे सतत गट दोनच: एसओ(३) आणि एसयू(३). एसओ(३) घेऊन दोन क्वार्कांचा गुणाकार मांडावा, तर नऊ अवस्थांची विभागणी ५, ३ आणि १ अशी होते, आणि त्या शेवटच्या एकाशी पेन्सिल थबकते. कारण ती रंगहीन अवस्था म्हणजे केवळ दोन क्वार्कांचा, अपूर्णांकी विद्युद्भाराचा मोकळा कण, आणि असा कण आजवर कोणाच्याही दृष्टीस पडलेला नाही. शिवाय क्वार्कांच्या तीन जाती धरताच, अंतर घटेल तसे बल क्षीण होण्याचा जो गुण ग्रॉस, विल्चेक व पोलित्झर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिला, तो या गटात टिकत नाही. एसयू(३) मध्ये मात्र दोन क्वार्कांची विभागणी ६ आणि ३ अशी होऊन रंगहीन अवस्था मुळीच उरत नाही; तीन क्वार्कांची १०, ८, ८ आणि १ अशी होते, आणि तो एक, कोणत्याही दोन क्वार्कांची अदलाबदल करताच चिन्ह पालटणारा, म्हणजे डेल्टाला नेमका हवा तसाच निघतो. हा हिशेब कितीही वेळा केला तरी माझा आनंद उणावत नाही.

यू(३)चा अर्ज लवकर निकालात निघतो: त्यातील नववा, रंगहीन ग्लूऑन बंदिस्त न राहता प्रोटॉन-न्यूट्रॉनांमध्ये दीर्घ पल्ल्याचे बल उत्पन्न करील, आणि तसे बल आढळत नाही.

पुढे जिनीव्हाजवळच्या सर्न संस्थेत, लेप त्वरकावर, चार-चार झोतांच्या घटनांतील कोन मोजून ग्लूऑन व क्वार्क यांच्या रंगभारांच्या वर्गांचे गुणोत्तर काढण्यात आले. एसओ(३) साठी ते १ यावयास हवे होते, एसयू(३) साठी ९/४. मोजमाप ९/४ शी जुळले.