नाव मुंबईचे, पत्ता अंधेरीचा

इंडियन सुपर लीगबरोबर 2014 साली मुंबई सिटी एफसी हा क्लब जन्माला आला, तेव्हा त्याच्याकडे घर सोडून जवळपास सगळे होते. रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्यासारखे मालक होते, निकोला आनेल्काचे नाव होते, दुसऱ्या वर्षी सुनील छेत्रीही आला. सामने मात्र नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होत, आणि ते मुळात क्रिकेटचे, शिवाय खाडीपलीकडचे. 2016 मध्ये क्लब अंधेरी पश्चिमेला, महापालिकेच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात आला. सुमारे सात हजार प्रेक्षकांचे हे मैदान पहिल्यापेक्षा कितीतरी लहान. तरीही क्लबची खरी सुरुवात इथून धरावी असे मला वाटते. त्याच हंगामात संघ साखळीत पहिला आला आणि प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. त्याचे श्रेय अर्थात प्रशिक्षक गिमाराइस आणि फोर्लानसारख्या खेळाडूंना. मैदान गोल करत नाही. पण त्या वर्षापासून क्लबला ठरलेला रस्ता, ठरलेले स्टेशन आणि ठरलेला स्टँड मिळाला. मेट्रोची पहिली मार्गिका जून 2014 मध्ये सुरू झालेली होती आणि आझाद नगर स्टेशनवरून मैदानात चालत जाता येते. घाटकोपरच्या माणसाला संध्याकाळच्या सामन्यासाठी अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या कोंडीत उभे राहायची गरज उरली नाही. पाठीराख्यांना यायला जमले नाही, तर बाकीच्या गप्पा व्यर्थ असतात.

एवढ्याने तो अंधेरीचा क्लब कसा ठरतो, असे कोणी विचारेल. नाव तर मुंबईचे आहे. पण सात बेटांच्या ज्या कथेतून मुंबई स्वतःला सांगते, तिच्यात अंधेरी कुठेच नाही. ती साष्टीतली, बृहन्मुंबईत आली 1950 साली, आणि मुलुंड-बोरिवली त्यानंतर सात वर्षांनी. शहराचे फुटबॉलही बेटावरचेच होते. रोव्हर्स कप 1891 पासूनचा, मैदान कुपरेजचे, आणि संघ मफतलाल, ऑर्के, एअर इंडिया, महिंद्र असे गिरण्यांचे नाहीतर कंपन्यांचे. त्यांचा खेळ उत्तम होता, पण ते पगारपत्रकावर उभे होते. कंपनीला रस उरला नाही की संघ गुंडाळला जाई. महिंद्र युनायटेडसारखा देशातला अव्वल संघ 2010 मध्ये बंद झाला. 2007 साली स्थापन झालेला मुंबई एफसी हा खाजगी क्लबही दहा वर्षांत संपला. हळहळ झाली, पण हा आमच्या वस्तीचा संघ होता, असे म्हणणारी वस्तीच कुठे नव्हती.

या बाबतीत कॅटलोनियातला एक बास्केटबॉल क्लब पाहण्यासारखा आहे. बार्सिलोनाला चिकटून बादालोना नावाचे गाव आहे, आणि 1930 साली स्थापन झालेला त्याचा क्लब म्हणजे जोव्हेंतुत. शेजारी बार्सासारखा धनाढ्य क्लब असताना याने स्पेनची लीग चार वेळा जिंकली. 1992 मध्ये इस्तंबूलच्या युरोपीय अंतिम सामन्यात पार्टिझानच्या जॉर्जेविचने शेवटच्या क्षणी मारलेल्या बास्केटने तो एका गुणाने हरला. पार्टिझानचे प्रशिक्षक होते ओब्रादोविच. पुढे जोव्हेंतुतने त्यांनाच आपल्याकडे आणले आणि 1994 मध्ये तेल अवीवला ऑलिंपियाकोसचा 59-57 असा पराभव करून युरोपचे विजेतेपद घेतले. हरवणाऱ्यालाच घरी बोलावण्याचा हा व्यवहारीपणा मला त्या विजेतेपदाइतकाच आवडतो. बादालोना म्हणजे काही एकजिनसी, पिढ्यान्‌पिढ्यांचे गाव नव्हे. कारखान्यांमुळे स्पेनच्या दक्षिणेतून आलेल्या कुटुंबांनी ते भरले. अंधेरी काय, सगळे बाहेरचेच, तिथे कसली आलीय ओळख, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. बाहेरून आलेल्यांना एकत्र उभे राहायला काहीतरी लागते. तिथे ते बास्केटबॉल ठरले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फ्रँचायझी ही विकत घेतलेली वस्तू. तिला कसली परंपरा? नोव्हेंबर 2019 मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला. कॅटलोनियातला जिरोना ज्यांच्या माळेतला मणी, त्यांच्याच माळेत मुंबई ओवली गेली. पैसा आला, सर्जिओ लोबेरासारखा प्रशिक्षक आला, आणि 2020-21 मध्ये लीग शील्ड आणि करंडक दोन्ही मिळाले. डिसेंबर 2025 मध्ये, लीगचेच भवितव्य अधांतरी असताना, त्या ग्रुपने आपला हिस्सा सोडला. मग राहिले काय? इथे बादालोनाचा दाखला पुन्हा कामाला येतो. 2018 मध्ये जोव्हेंतुतही कर्जापायी बंद पडण्याच्या बेतात होता आणि ग्रिफोल्स या उद्योगसमूहाशी संबंधित कंपनीने तो सावरला. मालक बदलला, संघ बादालोनाचाच राहिला. मालकी आणि आपलेपणा यांची खाती वेगळी असतात, एवढे यातून नक्की दिसते.

विचित्र योगायोग असा की मुंबई सिटीचे एकही मोठे यश अंधेरीत घडलेले नाही. 2021 ची दोन्ही विजेतेपदे करोनाकाळात गोव्यातल्या रिकाम्या मैदानांवर आली, 2023 ची शील्ड गोव्याच्या फातोर्ड्यावर निश्चित झाली, 2024 चा करंडक कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला 3-1 हरवून आला. एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबवरचा ऐतिहासिक विजय रियाधचा, आणि पुढच्या हंगामात त्या स्पर्धेतले घरचे सामने बालेवाडी आणि नेरूळला खेळावे लागले. अंधेरीला उरले ते साखळी सामने, फार तर उपांत्य फेरीचे. पण त्या गवतावरचा सगळ्यात लक्षात राहणारा प्रसंग क्लबचा नाहीच. जून 2018 मध्ये भारत-चायनीज तैपेई सामन्याला अडीच हजारांच्या आसपास लोक आले. मग छेत्रीने हात जोडल्यासारखे करून चित्रफितीतून लोकांना मैदानावर बोलावले, आणि 4 जूनला केनियाविरुद्ध त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात, स्टँड भरले. उपनगर फुटबॉलकडे पाठ फिरवते हा समज त्या रात्री खोटा ठरला. एवढेच की, त्याला कोणीतरी बोलवावे लागते.

तरी एका बाबतीत माझे म्हणणे लंगडे पडते, ते मान्य करायला हवे. जोव्हेंतुतची खरी मिळकत म्हणजे तिथले खेळाडू: तरुणपणी आत शिरून पुढे क्लबचा अध्यक्ष झालेला जोर्दी व्हियाकाम्पा, आणि शेजारच्या एल मास्नौचा, चौदाव्या वर्षी वरिष्ठ संघात उतरलेला रिकी रुबिओ. मुंबई सिटीकडे दाखवायला राहुल भेके आहे. मुंबईत जन्मलेला हा बचावपटू 2024 च्या अंतिम सामन्यात कर्णधार होता. पण तो इतर क्लबांमधून खेळत मुंबईकडे आला, इथल्या अकादमीतून वर आला नाही, आणि नंतर बेंगळुरूला गेला. विजयाचा कणा होते मणिपूरचा बिपिन सिंग, मिझोरमचा छांगते आणि परदेशी खेळाडू. त्यात गैर काही नाही. व्यावसायिक संघ असाच बांधतात. पण पाठीराखे उपनगराचे आणि खेळाडू बाहेरचे, हा हिशेब किती वर्षे चालेल? परदेशी भागीदार गेल्यावर आता खर्चाला कात्री लागेल, आणि विकत घ्यायला पैसे नसले की क्लब मुलांकडे वळतात. बोरिवली, मुलुंड, जोगेश्वरीच्या टर्फवर तासाच्या भाड्याने खेळणाऱ्या पोरांपर्यंत पोहोचायला वीरा देसाई रस्त्यावरच्या या मैदानापासून फार लांब जावे लागत नाही.