जुनं उकरायचं, पण कशासाठी?

घरात जुना विषय निघाला की म्हातारी माणसं म्हणतात, "गाडलेली मढी कशाला उकरता? झाकली मूठ सव्वा लाखाची." काही चित्रपट मात्र हीच मूठ मुद्दाम उघडतात. आज त्यांच्याविषयी बोलू.

अशा चित्रपटांची बांधणी सोपी असते. कुणीतरी खूप वर्षांनी घरी येतं किंवा मागं वळून बघतं. मग आजची आणि तेव्हाची गोष्ट आलटूनपालटून दिसते. घरानं काय लपवलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे हळूहळू उघडं पडतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'वास्तुपुरुष' २००२ सालचा. मराठीतला उत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मोठा झालेला डॉक्टर गावच्या जुन्या वाड्यात येतो आणि त्याला लहानपण आठवतं. जमीनदारी सरलेली, ऐट तशीच. घरात गुप्तधनाचा शोध चाललेला. आई मात्र मुलाला डॉक्टर करायचंच म्हणून हट्टाला पेटलेली. ही आई उत्तरा बावकर यांनी केली आहे. खरं धन कुठं होतं, ते बघणाऱ्याला आपोआप कळतं.

गुप्तधनाचं वेड आपल्याकडंही आहे, म्हणून एवढं लक्षात ठेवा. त्याच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि जमिनीत खरंच धन सापडलं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

दुसरा चित्रपट अनंत महादेवन यांचा 'मी सिंधुताई सपकाळ', २०१० चा. इथं बाई स्वतःचंच आयुष्य उकरते. गरोदरपणी घराबाहेर काढलेली, गोठ्यात बाळंत झालेली बाई ते सगळं चारचौघांत सांगते. सांगता सांगता कळतं, लाज तिची नव्हतीच.

आमच्या गटानं 'वास्तुपुरुष' बैठकीत पाहिला. माझ्या सासूबाई किल्लारीकडच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप त्यांनी सोसलेला. दगडमातीच्या जाड भिंती पडून त्या भागात हजारो माणसं गेली. पण त्या कधी बोलल्या नव्हत्या. चित्रपट संपला आणि हळूच म्हणाल्या, "माझी चार वर्षांची लेक अंगणात झोपते म्हणत होती. दव पडतंय म्हणून मीच आत घेतली. मग हातानं ढिगारा उकरला."

माझे यजमान भूकंपानंतर जन्मलेले. आपल्याला बहीण होती, हे त्यांना त्या दिवशी कळलं. गटातली एक आजी सासूबाईंचा हात धरून म्हणाली, "माय, भिंत पडली. तू पाडली नाहीस." त्या पोटभर रडल्या. आता आम्ही दरवर्षी त्या लेकीच्या नावानं दिवा लावतो.

तुमच्या गटात असा चित्रपट दाखवाल तेव्हा आधी ठरवा, इथलं बोलणं इथंच राहील. कुणालाही बोलायची बळजबरी नको. शेवटी दोनच प्रश्न विचारा : हे ओझं कुणी वाहिलं? आता आपण ते थोडं कसं हलकं करू? नुसते दोष काढायला उकरलं तर भांडणं लागतात. ओझं उतरवायला उकरलं तर माणूस मोकळं होतं.