४५ फूट सगळ्यांना ठाऊक, ३ मिलिग्रॅम कुणाला?

पावसाळ्यात सांगलीत कुणालाही विचारावं, आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी किती आणि धोका पातळी किती? मंडईतल्या भाजीवाल्या मावशीही न अडखळता सांगतील, ४० आणि ४५ फूट. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, वारणा कुठवर चढली, हेही घरोघरी तोंडपाठ असतं. तीच कृष्णा उन्हाळ्यात खाली जाते, बंधाऱ्याशी तवंग धरते, पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, तेव्हा मात्र कोणता आकडा बघायचा हे फार थोड्यांना सांगता येतं.

तो आकडा आहे ३. पाण्यातली घाण खाताना जिवाणू जेवढा प्राणवायू ओढतात, त्याचं माप म्हणजे बीओडी, जैविक प्राणवायू मागणी. लिटरमागे ती ३ मिलिग्रॅमच्या वर गेली की नदीचा तो पट्टा प्रदूषित धरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातले असे ३५१ पट्टे जाहीर केले. त्यातले ५३ महाराष्ट्रातले होते, आणि त्या यादीत कृष्णेबरोबर कोयना, वेण्णा आणि उरमोडी यांचीही नावं होती. चारही नद्या सातारा जिल्ह्याच्या डोंगरात जन्मलेल्या.

आकडा माहीत नसला की त्याची जागा समजुती घेतात. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत अशा समजुती पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या काहींमुळे खरी तक्रारही वाया जाते.

पहिली समजूत एका शब्दातच लपली आहे. गळीत हंगाम सुरू झाला, नदीला काळपट रंग आला की बातमी येते, ‘मळीमिश्रित पाणी सोडलं’. आता मळी म्हणजे काय? सरकारी कागदात मळी म्हणजे मोलॅसिस. शेतकऱ्याच्या तोंडी बऱ्याचदा मळी म्हणजे प्रेसमड, रानात खत म्हणून टाकतात ती. मोलॅसिसपासून अल्कोहोल बनतं, त्याला पैसे येतात, आणि प्रेसमडही विकली जाते. विकता येणारी वस्तू कुणी मुद्दाम नदीत ओतत नाही. धोका आहे तो आसवनीतून, म्हणजे डिस्टिलरीतून, अल्कोहोल काढून घेतल्यावर उरणाऱ्या गडद तपकिरी स्पेंटवॉशचा. मोलॅसिसवर चालणाऱ्या आसवनीच्या कच्च्या स्पेंटवॉशची बीओडी लिटरला ४० ते ५० हजार मिलिग्रॅमच्या घरात असते, तर घरगुती सांडपाण्याची २०० ते ३००. हिशेब करून बघा, १० हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात रिकामा झाला, तर पंधरा-वीस हजार वस्तीच्या गावाचं दिवसभराचं सांडपाणी एकदम ओतल्यासारखं होतं. साखर कारखान्याचं पाणी वेगळं. त्यासाठी २०१६ चा नियम असा की टनामागे सगळं मिळून २०० लिटरपेक्षा जास्त पाणी बाहेर पडायचं नाही आणि नदीत जाणाऱ्या पाण्याची बीओडी ३० च्या आत हवी. तक्रारीत नुसतं ‘मळी’ लिहिलं की तपासणीला येणारा माणूस कारखान्याचं गटार बघायचं की आसवनीची साठवण टाकी, इथूनच अडखळतो. रंग, वास, फेस, वेळ आणि ओढ्याचं नाव लिहिलं तर त्याचा अर्धा दिवस वाचतो.

दुसरी समजूत अशी की नदी कारखानेच नासवतात. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हाही बोटं दोन दिशांना गेली होती, एक कारखान्याकडे आणि दुसरं शेरीनाल्याकडे. शेरीनाल्यात कारखान्याचं नव्हे, सांगली शहराचं सांडपाणी असतं. ते उचलून धुळगावकडे शेतीला देण्याची योजना शहराला वर्षानुवर्षं ठाऊक आहे. देशाचं चित्रही असंच आहे. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघतं, आणि शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची, म्हणजे निम्म्याहून कमी. ‘मग राज्याच्या प्रदूषण मंडळानं शुद्धीकरण केंद्र का बांधलं नाही?’ हा प्रश्न कुठल्याही बैठकीत हमखास निघतो. केंद्र बांधणं हे नगरपालिकेचं, महापालिकेचं काम. मंडळ ते बांधत नाही, पण नगरपालिकेलाही कारखान्यासारखीच मंडळाची संमती घ्यावी लागते, नोटीसही येते आणि खटलाही होऊ शकतो. आपल्याच न्हाणीघरातून निघालेलं पाणी आहे म्हणून ते कायद्यातून सुटत नाही.

डॉल्बीचंही तसंच. गणपतीत छाती हादरली की लोक प्रदूषण मंडळाला फोन लावतात. आवाजाची पातळी मोजण्याचं काम मंडळ काही ठिकाणी करतं, पण डॉल्बी थांबवण्याचा अधिकार पोलिसांकडे आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. तिथे ११२ लावायचा. मिरजेच्या दवाखान्यांतल्या सुया, पट्ट्या, सलाइनच्या नळ्या यांचा मामला मात्र मंडळाचा, कारण जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रत्येक रुग्णालयाला मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून जास्त ठेवता येत नाही. हवेच्या बाबतीत लहान शहर म्हणजे स्वच्छ शहर, असं समजणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची नावं आली, त्यात सांगली आहे.

मंडळ तरी कुठलं? महाराष्ट्रानं जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्येच केला, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी, आणि ७ सप्टेंबर १९७० ला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. ही गोष्ट अभिमानानं सांगण्यासारखी आहे. पण नदी जशी जिल्ह्याची हद्द ओलांडते, तसं मंडळाचं दारही बदलतं. साताऱ्याचं उपप्रादेशिक कार्यालय पुणे विभागात येतं, सांगलीचं कोल्हापूर विभागात. कराडच्या प्रीतिसंगमाखालून पाणी वाहत वाहत वाळव्यात येतं तोवर त्याची फाइल दुसऱ्या विभागात गेलेली असते. म्हणून हद्दीवरच्या गावानं तक्रार दोन्ही कार्यालयांना पाठवावी. एकाला पाठवून ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर येईपर्यंत पाणी नरसोबाच्या वाडीला पोचलेलं असतं.

आता बाटलीची गोष्ट. मासे मेले की कुणीतरी तरुण पोरगा प्लास्टिकच्या बाटलीत नदीचं पाणी भरतो आणि थेट कार्यालयात नेऊन टेबलावर ठेवतो. त्याच्या तळमळीला तोड नाही. पण कायद्याच्या नजरेत ती बाटली पुरावा होत नाही. १९७४ च्या कायद्याचं २१ वं कलम सांगतं की नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानं, पाणी सोडणाऱ्याला नोटीस देऊन, त्याच्यासमोर घ्यायचा, दोन भाग करायचे, मोहोर लावायची आणि एक भाग प्रयोगशाळेला पाठवायचा. शिवाय पाणी बाटलीत तासभर राहिलं तरी त्यातला प्राणवायू बदलतो. म्हणून काठावरच ३०० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता पाणी भरतात आणि मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड घालतात. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. साका पांढरा राहिला, तर त्या पाण्यात माशाला श्वास घ्यायला काहीच उरलेलं नाही. एवढं पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, नदीकाठीच ते डोळ्यांना दिसतं. बीओडीला मात्र २७ अंशांवर तीन दिवस लागतात, म्हणून ‘उद्या रिपोर्ट द्या’ म्हणून भागत नाही.

मग त्या पोरानं करायचं काय? पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर शेवाळही तो ओढत असतं. म्हणून मासे पहाटे तडफडतात आणि दहा वाजता अधिकारी पोचेपर्यंत नदी बरीच सावरलेली असते. पहाटे साडेपाचचा फोटो, त्यावरची वेळ, बंधाऱ्याचं नाव आणि त्याच मिनिटाला लावलेला फोन यांनीच पथक वेळेत निघतं. बाटली आणूच नये असं नाही. ती दिशा दाखवते, पण शिक्षा तिच्यावर होत नाही.

‘मंडळाच्या हातात काहीच नाही’ आणि ‘मंडळानं आजच्या आज कारखान्याला टाळं लावावं’ ही दोन्ही वाक्यं एकाच पारावर, एकाच संध्याकाळी ऐकू येतात. दोन्ही खरी नाहीत. १९७४ च्या कायद्याच्या कलम ३३अ प्रमाणे मंडळ उद्योग बंद करण्याचा, वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरणाच्या हानीची भरपाई वसूल करण्याचा मंडळांचा अधिकारही मान्य केला. पण साधारण क्रम ठरलेला आहे. आधी कारणे दाखवा नोटीस, मग प्रस्तावित निर्देश, बँक हमी जप्त आणि शेवटी बंदचा आदेश. त्यावर उद्योगाला दाद मागता येते. हंगामाच्या मध्यावर धुराडं थंडावलं की तोडणीला आलेला ऊस शेतकऱ्याच्याच रानात वाळतो, त्यामुळे तेव्हा गावच दोन तटांत विभागलं जातं. खरी वेळ हंगामाआधीची. साखर कारखान्यांच्या संमतीपत्राची मुदत अनेकदा ३१ जुलैला संपते. नदी भरून वाहत असते, कुणाचं लक्ष नसतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत पुढच्या वर्षाच्या अटी लिहिल्या जातात.

लोकसुनावणीबद्दल तर दोन्ही बाजूंचा गैरसमज असतो. नवी आसवनी किंवा रोज ५ हजार टन वा त्याहून जास्त गाळपाचा साखर कारखाना यांसाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि ज्या प्रकल्पांना सुनावणीची अट आहे, त्यांची सुनावणी मंडळ भरवतं. कारखान्याला वाटतं, मंडप भरला की काम झालं. गावाला वाटतं, हात वर केले की प्रकल्प रद्द. तिथे मतदान होतच नाही आणि गणपूर्तीचीही अट नाही. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी असतात, मंजुरी देणारं प्राधिकरण वेगळं, आणि त्यांच्यापुढे जातं ते इतिवृत्त आणि चित्रीकरण. म्हणजे मोजलं जातं ते नोंदलेलं वाक्य. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते, मराठीतला सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत ठेवलेला असतो. विहिरी किती, ओढा कुठे मिळतो, पाणी कुठून उचलणार आणि कुठे सोडणार, एवढे चार प्रश्न लेखी दिले तर शंभर घोषणांपेक्षा त्यांचं वजन जास्त पडतं, कारण इतिवृत्तातून ते गाळता येत नाहीत.

राहिली शेवटची आणि सगळ्यात नुकसान करणारी समजूत, की सामान्य माणसाला हे कागद बघायला मिळत नाहीत. १९७४ च्या कायद्याच्या कलम २५ प्रमाणे संमतीपत्रांची नोंदवही संबंधित किंवा बाधित माणसाला पाहण्यासाठी खुली ठेवावी लागते, आणि आता संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावरही असतात. त्याच कायद्यानं नागरिकाला ६० दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात जाण्याची वाट ठेवली आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई तिथे मागता येते, मंडळ ती शेतकऱ्याच्या हातात देत नाही.

कृष्णाकाठच्या वाचकांना एकच विनंती. आपल्या गावावरून वाहणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला जो उद्योग आहे, त्याचं संमतीपत्र यंदाच्या जूनमध्ये एकदा उघडून वाचा. सांडपाण्याचं प्रमाण आणि बीओडीची मर्यादा त्यात लिहिलेली असते. अट मोडली जात असेल, तर ३१ जुलैच्या आत तसं लेखी कळवा आणि पोच घ्या.