अमर्याद ताट आणि मर्यादेचा हिशेब

पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील सणसवाडी हे आता केवळ शिरूर तालुक्यातील एक गाव राहिलेले नाही. कारखाने, गोदामे आणि देशभरातून आलेला कामगारवर्ग यांनी या परिसराचे रूप पालटले आहे. येथे किराणा, कापड, भांडी वा हार्डवेअरचा व्यवसाय करणाऱ्या जैन कुटुंबांचे व्यवहार विस्तारले, तसा त्यांच्या खाण्यापिण्याच्या आवडीनिवडींचा परीघही विस्तारला. मुलीचा निकाल, लग्नाचा वाढदिवस, नवे दुकान अशा निमित्ताने खराडी, विमाननगर किंवा कोरेगाव पार्ककडे गाडी वळते. एका ठरावीक दरात हवे तितके खा, असे सांगणारी ‘अनलिमिटेड’ थाई जेवणाची जाहिरात नातवंडांनी आधीच मोबाइलवर पाहिलेली असते.

मग एकाच टेबलाभोवती तीन पिढ्या बसतात. नातवंडांना नवी चव हवी असते, आजी-आजोबांना आपला नियम मोडू द्यायचा नसतो आणि कर्त्या पुरुषाचे लक्ष बिलाकडे असते. या तिघांचेही समाधान व्हावे, यासाठी थाई जेवण म्हणजे काय आणि ‘अनलिमिटेड’ म्हणजे काय, हे दोन्ही समजून घेणे आवश्यक ठरते.

दोन ओळखीचे शब्द

थाई भाषेवर संस्कृत आणि पाली यांचा खोल ठसा आहे. तेथे अन्नाला ‘आहान’ म्हणतात. तो आपला ‘आहार’च होय. शाकाहारासाठी असलेला ‘मांगसविरत’ हा शब्द ‘मांस’ आणि ‘विरती’ या दोन शब्दांपासून बनला आहे. ‘विरती’ या शब्दाचे वजन जैन वाचकांस वेगळे सांगावयास नको. तथापि या शब्दाचा व्यवहारातील अर्थ मांस-मासळी वर्ज्य इतकाच आहे. अंडी, कांदा, लसूण त्यात चालतात.

याहून कडक असा दुसरा आहार थायलंडमध्ये आहे. चिनी भाषेतून आलेल्या ‘जे’ या एकाक्षरी नावाने तो ओळखला जातो. फुकेत बेटावर चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात ९ दिवसांचे शाकाहारी पर्व पाळले जाते. त्या काळात पिवळ्या पताकांवर लाल रंगात हे अक्षर लिहून दुकानदार आपले अन्न ‘जे’ असल्याचे सांगतात. मांस, मासे, अंडी, दूध यांच्याबरोबरच कांदा, लसूण आणि त्यांच्या कुळातील उग्र भाज्याही या आहारात निषिद्ध मानल्या जातात. थायलंडच्या सहलीस जाणाऱ्या कुटुंबांनी हा शब्द ध्यानी ठेवावा. मात्र बटाटा, गाजर, अळकुडी अशा कंदमुळांना तेथे मज्जाव नसतो. ती सूचना स्वतंत्रपणे द्यावी लागते.

वाटणात दडलेले पदार्थ

थाई जेवणाचा प्राण त्याच्या वाटणात असतो. हिरवी वा लाल करी डोळ्यांना नारळाच्या दुधातील भाजी वाटते. परंतु तिच्या पारंपरिक वाटणात मिरची आणि गवती चहा यांच्यासोबत छोटा कांदा, लसूण, कोथिंबिरीची मुळे, आल्याच्या कुळातील कुलंजन आणि आंबवलेल्या कोळंबीचा ‘कापी’ नावाचा गोळा असतो. खारटपणासाठी मिठाबरोबरच ‘नाम प्ला’ म्हणजे मासळी आंबवून काढलेला रस वापरतात. कच्च्या पपईची ‘सोम ताम’ ही कोशिंबीर आणि ‘पॅड थाई’ या तांदळाच्या शेवया दिसायला शाकाहारी असल्या, तरी त्यांच्या मूळ कृतीत हा रस आणि सुकी कोळंबी असते.

भारतातील अनेक उपाहारगृहे शाकाहारी वाटण वेगळे ठेवतात, हे खरे. तरीही ‘भाजी घातली आहे का?’ असे न विचारता ‘वाटण कशाचे आहे? मासळीचा रस किंवा ऑयस्टर सॉस आहे का?’ असे विचारावे. घरी करण्यासाठी तयार वाटणाचे पाकीट घेताना हिरवे वर्तुळ की तपकिरी त्रिकोण, हे पाहावेच. शिवाय घटकांची यादीही वाचावी, कारण हिरव्या वर्तुळाच्या पाकिटातही कांदा-लसूण असू शकतो.

आणखी एक बारकावा. थाई आणि चिनी पदार्थांत ‘वॉटर चेस्टनट’ म्हणून येणाऱ्या पांढऱ्या कुरकुरीत चकत्या शिंगाड्याच्या आहेत, असे पुष्कळांना वाटते. शिंगाडा हे पाण्यावर वाढणाऱ्या वेलीचे फळ आहे. या चकत्या मात्र बहुधा चिखलात वाढणाऱ्या एका वेगळ्या चिनी वनस्पतीच्या कंदाच्या असतात. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी हा भेद लक्षात घ्यावा. उलट आंबा, चिकट तांदूळ, नारळाचे दूध आणि साखर यांचा थाई गोड पदार्थ बहुतेक कुटुंबांना निःशंकपणे चालण्यासारखा आहे.

‘अनलिमिटेड’चे गणित

हवे तितके वाढून घेण्याची पद्धत स्कँडिनेव्हियातील. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने १९५८ मध्ये ती जपानमध्ये आणली आणि तिला ‘वायकिंग’ असे नाव दिले; आजही जपानी लोक बुफेला त्याच नावाने ओळखतात. या व्यवसायाचे गणित विम्यासारखे असते. जास्त खाणारा आणि कमी खाणारा यांची सरासरी काढून दर ठरतो. कमी खाणारा गिऱ्हाईक जास्त खाणाऱ्याचा खर्च उचलतो.

जैन कुटुंब या गणितात कोठे बसते? मांस-मासळीचे महाग पदार्थ त्याच्या उपयोगाचे नसतात. उरलेल्यांतून कांदा, लसूण, बटाटा, मशरूम वगळले की मोजकेच पदार्थ हाती राहतात. शिवाय बुफेतील पदार्थ आधीच शिजवून मांडलेले असतात. त्यांतून लसूण काढून देणे कोणाही आचाऱ्याला शक्य नसते. म्हणजे जाहिरातीतील अमर्यादपणा नियम नसणाऱ्यांसाठी आहे. नियम पाळणारा तोच दर भरून मर्यादितच जेवतो.

उदाहरणादाखल समजा, माणशी ८०० रुपये दर आहे आणि कुटुंबात ६ माणसे आहेत. मूळ रक्कम ४,८०० आणि ५ टक्के जीएसटी २४० मिळून ५,०४० रुपये होतात. त्याऐवजी सरासरी ३५० रुपयांचे ११ पदार्थ मागवून वाटून घेतले, तर ३,८५० आणि कर १९२.५० मिळून ४,०४२.५० रुपये होतात. जवळजवळ हजार रुपये वाचतात आणि प्रत्येक पदार्थ सांगितल्याप्रमाणे ताजा बनतो. दर ठिकाणपरत्वे बदलतील, परंतु हा ताळा निघण्यापूर्वी घरीच करून पाहावा. बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम ठेवल्या, हेही जाणून असावे.

पैशांहून मोठा तोटा वेगळाच आहे. एकदा दर भरला की ‘वसूल’ करण्याची वृत्ती जागी होते. भूक संपल्यावरही ताट भरले जाते आणि उरलेले अन्न टाकले जाते. बाह्य तपातील ऊणोदरी म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी जेवणे. येथे नेमके त्याच्या उलट घडते. खुद्द थाई रीतही अशी नाही. तेथे पदार्थ मध्ये ठेवून सर्वांनी मिळून खातात, आपल्या भातावर एका वेळी एखाद-दुसरा चमचाच घेतात आणि ताटात ढीग रचणे असभ्य समजतात.

म्हणून मुलांची हौस नाकारण्याचे कारण नाही. तिला योग्य वळण द्यावे. आदल्या दिवशी उपाहारगृहाला फोन करून आपले नियम सांगावेत आणि वेगळे वाटण, वेगळी कढई मिळेल का, याची खात्री करावी. रात्रीचा बुफे सहसा सूर्यास्तानंतर सुरू होतो. चौविहार पाळणारे वडीलधारे बरोबर असतील, तर दुपारचीच वेळ ठरवावी. वाघोलीची वाहनकोंडी लक्षात घेऊन सणसवाडीहून वेळेवर निघावे. मग आजोबांना ताटातील प्रत्येक पदार्थाची शंका घ्यावी लागणार नाही आणि नातवंडांना आजोबांबरोबर एकाच वाडग्यातील करी खाता येईल.